क्वेसार मंदावला, ढग अजून उजळलेला

नेदरलँड्समधल्या शाळेत शिकवणाऱ्या हॅनी व्हान आर्केल २००७ साली ‘गॅलेक्सी झू’वर दीर्घिकांची छायाचित्रं चाळत होत्या. सामान्य माणसांनी घरबसल्या दीर्घिकांचे आकार ओळखायचे, असा हा प्रकल्प. आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी त्यांना एक वेडावाकडा डाग दिसला. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं, तर तज्ज्ञांनाही सांगता येईना!

तो डाग म्हणजे जवळपास आपल्या आकाशगंगेएवढा वायूचा ढग निघाला. तो हिरवा चमकतो तो ऑक्सिजनमुळे. या अणूचे दोन इलेक्ट्रॉन उडाले, की असा हिरवा प्रकाश मिळतो. पण एवढ्या अफाट ढगातले इलेक्ट्रॉन उडवायचे, तर क्वेसारच हवा, म्हणजे भोवतालचा वायू गिळताना तळपणारं महाकाय कृष्णविवर. आणि आयसी २४९७ च्या केंद्रात तसा प्रखर क्वेसार आज दिसत नाही.

कोडं सुटतं ते अंतरामुळे. केंद्रातला प्रकाश थेट आपल्याकडे येतो. ढगापर्यंत जाऊन मग इकडे वळणाऱ्या प्रकाशाला हजारो वर्षं जास्त लागतात. थोडक्यात, ढग आपल्याला शिळी बातमी देतो आहे. क्वेसार धुळीआड दडला असेल, ही शंका रास्तच होती. नूस्टार दुर्बिणीला केंद्राभोवती दाट पडदा खरंच सापडला. पण तो जमेस धरूनही हिशेब जुळत नाही. साधारण लाखभर वर्षांत तेज सुमारे पन्नास पटींनी घटलं असावं. खगोलशास्त्रात लाख वर्षं म्हणजे काहीच नव्हे.

मला जास्त रस आहे तो वायूचं पुढे काय झालं यात. हबलच्या छायाचित्रांत ढगाच्या दीर्घिकेकडच्या बाजूला कोवळे तारे दिसले. केंद्रातून सुटलेला झोत आदळून वायू दाबला गेला आणि तिथे तारे जन्मले, असा अर्थ लावला जातो. चंद्रा वेधशाळेला केंद्राभोवती तापलेला वायू आणि बुडबुडा फुगवल्याच्या खुणा मिळाल्या. या दीर्घिकेबद्दल ‘क्वेसारचा मृत्यू’ असा शब्दप्रयोग झाला. मला तो घाईचा वाटतो. प्रकाश ओसरला, तरी वायूला ढकलणं, तापवणं चालूच राहू शकतं.

हौशी मंडळींच्या मदतीने पुढे असे आणखी ढग सापडले. ‘गॅलेक्सी झू’ अजून सुरू आहे, आणि तिथे काम करायला खगोलशास्त्राची पदवी लागत नाही.