योग, ध्यान व कृतज्ञता : सातारा-सांगली परिसरातील दैनंदिन साधनेचे स्वरूप

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला आणि २०१५ पासून महाविद्यालयांच्या मैदानांवर त्या दिवशी आसनांच्या रांगा दिसू लागल्या. परंतु योगाची कसोटी २१ जूनला नव्हे, तर २२ जूनच्या सकाळी लागते. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत : तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदरपूर्वक व्हावा. यांपैकी पहिल्या दोन अटी नियमाने साधता येतात. तिसरी कशी साधावी, हा अवघड प्रश्न आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासात या प्रश्नाचा विचार करण्याजोगी सामग्री आहे.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी १८९७ पासून सुमारे दहा वर्षे युरोपात गाजलेल्या सँडो पद्धतीचा व्यायाम केला होता. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या प्रेरणेने १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढे त्याचे आजन्म प्रचारक झाले. एका संस्थानिकाने दुसऱ्याला दिलेली ही सूचना किती दूर जावी! संस्थानातील शाळांमधून मुलामुलींसाठी सूर्यनमस्कार आवश्यक करण्यात आले. औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी व कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात मोडतात. (१९४९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.) अशा विखुरलेल्या प्रदेशात एकच व्यायाम रुजू शकला, याचे एक कारण त्याच्या साधेपणात आहे. त्यास साधन लागत नाही, पुरुषभर लांबीची जागा पुरते आणि नमस्कारांची संख्या वयानुसार ठरविता येते. पंतप्रतिनिधींची पद्धती १९३८ मध्ये 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या पुस्तकाद्वारे इंग्रजी वाचकांपर्यंतही पोहोचली.

तथापि, आज्ञेने शरीर वाकविता येते, मन नव्हे. पंतप्रतिनिधींच्या आज्ञेला वजन होते ते मुख्यतः त्यांच्या आचरणामुळे. वयाच्या सत्तरीतही राजा स्वतः नमस्कार घालतो, हे प्रजेला ठाऊक होते. दुसरे असे की, नमस्कार या क्रियेतच आदर अंतर्भूत आहे. प्रत्येक नमस्काराबरोबर सूर्याचे एक नाव उच्चारले जाते. मित्र म्हणजे स्नेही, पूषन् म्हणजे पोषण करणारा, सवितृ म्हणजे प्रेरणा देणारा. ज्याच्यामुळे पीक उभे राहते त्याचे स्मरण आणि स्नायूंचा व्यायाम अशी दोन कामे येथे एकत्र होतात. ही नावे अर्थ न समजता म्हटली गेली, तर उरते ती केवळ कवायत. बहुतेक सामूहिक वर्गांत आज हेच घडते, असे म्हणण्यास वाव आहे.

ध्यानाचा विचार करताना गुरुदेव रा. द. रानडे (१८८६-१९५७) यांचे उदाहरण अध्यापकवर्गास विशेष जवळचे वाटावे. जमखंडीत जन्मलेल्या रानड्यांनी जत तालुक्यातील उमदी येथील भाऊसाहेब महाराजांकडून विद्यार्थिदशेतच नामसाधनेची दीक्षा घेतली. पुढे त्यांनी पुण्याचे फर्ग्युसन व सांगलीचे विलिंग्डन या महाविद्यालयांत तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले आणि अखेरीस ते अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. व्याख्याने व ग्रंथलेखन यांच्या जोडीला त्यांचा ध्यानाचा नेम चालूच होता. 'नेम' हा आपल्याकडचा अत्यंत अर्थपूर्ण शब्द होय. त्यात वेळ, बैठक आणि माप ठरलेले असते. आज मन लागेल किंवा नाही, याचा विचार त्यात येत नाही. संथ व दीर्घ श्वसनाने नाडीचा वेग मंदावतो, हे शरीरशास्त्र सांगते. परंतु तो लाभ रोजचा व्हावयाचा तर नेमाला पर्याय नाही.

कृतज्ञतेस या भागात वेगळे शास्त्र नव्हते, कारण ती रीतीतच होती. आषाढातील बेंदराला बैलांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून पुरणपोळीचा घास दिला जातो. जेवणाआधी श्लोक म्हणण्याची प्रथाही अनेक घरांत होती. ट्रॅक्टर आल्यानंतर बैल कमी झाले आणि त्याबरोबर आभार मानण्याचे एक निमित्तही गेले. रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना आठवड्यातून एकदा कृतज्ञ वाटावे अशा गोष्टी लिहावयास सांगितले होते, तर काहींना त्रासदायक गोष्टी. पहिल्या गटातील व्यक्तींना आपले जीवन अधिक समाधानकारक वाटल्याचे आढळले. येथेही गुण भावनेच्या उमाळ्याचा नसून ठराविक दिवशी लिहिण्याचा आहे.

महाविद्यालयात याचा उपयोग लहान प्रमाणातच करावा. पहिल्या तासाच्या आरंभी दोन मिनिटे शांत श्वसन, आठवड्यातून एकदा वहीत तीन ओळी आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी सकाळी बारा नमस्कार, तेही नावांचा अर्थ आधी सांगून. पाठदुखी, रक्तदाब किंवा गर्भारपण असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा लागेल. सूर्याची नावे घेण्यास ज्यांचा संकोच असेल त्यांना श्वासाची मोजणी पुरेशी आहे. हजेरी व गुण यांच्याशी हा उपक्रम जोडण्याचा मोह टाळावा. अध्यापकाने मात्र त्या दोन मिनिटांत हजेरीपट भरत बसू नये, विद्यार्थ्यांबरोबर डोळे मिटून बसावे.