पाचवं कारण : टायर, चाक आणि दैव

मागच्या वेळी आपण गीतेच्या अठराव्या अध्यायापाशी थांबलो होतो. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं तिथे सांगितलं आहे. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधन, चेष्टा आणि दैव. जाता जाता एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली, "सर, रोजच्या व्यवहारातलं उदाहरण द्या." म्हणून आज आम्ही मोटारीच्या टायरचं उदाहरण घेतो आहोत. हसायला हरकत नाही, पण गोष्ट हसण्यासारखी नाही.

२५ ऑक्टोबर २०१० रोजी एक गृहस्थ दोन सहकाऱ्यांबरोबर मोटारीने पुण्याहून मुंबईला निघाले. वाटेत गाडीचं मागचं चाक फुटलं, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि ते गृहस्थ जागीच गेले. वय अवघं अडतीस. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई द्यायला सांगितली. विमा कंपनी अपिलात गेली. तिचं म्हणणं काय, तर टायर फुटणं ही ईश्वरी करणी आहे, त्याला कोण काय करणार? मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. जी. दिगे यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये हे म्हणणं फेटाळलं. ज्यात माणसाचा काही हात नाही अशी नैसर्गिक आपत्ती म्हणजे ईश्वरी करणी. टायर फुटायला जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान अशी कारणं असतात, आणि निघण्याआधी टायर बघणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे. आमच्या भाषेत, न्यायालयाने आधीची चार कारणं तपासल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवू दिलं नाही.

आता साधनाकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या सोसायटीत उभ्या असतात. भाजी, बँक, फार तर महिन्यातून एकदा सिंहगडाचा पायथा. मग डिसेंबरात मुलं-नातवंडं परदेशातून येतात, पाच माणसं आणि सगळं सामान भरून हीच गाडी एक्सप्रेस-वेवर निघते. "बाबा, टायर बघितलेत का?" "अरे, नवेच आहेत, नक्षीसुद्धा झिजलेली नाही." इथे आपली फसगत होते. टायर झिजतो तसा म्हातारा पण होतो. ऊन, हवा यांनी रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत, आणि टायर मात्र सेवानिवृत्त.

त्याचं वय त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. बाजूला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आकडे दिसले नाहीत तर टायरच्या आतल्या बाजूला बघा, बऱ्याचदा ते तिकडेच असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवावा. दहा वर्षांनंतर कितीही देखणा दिसला तरी काढून टाकावा. स्टेपनीलाही हाच हिशोब, कारण ती न वापरताच म्हातारी होते.

मोठ्या अक्षरांत १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी दिसेल. १८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के बाजूची उंची, १५ इंचांची रिम. ८८ म्हणजे या एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. बदलताना यापेक्षा कमी आकडा घेऊ नये. नक्षीच्या खोबणीत मधेमधे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. आमचं मत विचाराल तर पुण्याच्या पावसात तिथपर्यंत वाट बघू नये.

पण सगळ्यात मोठा गैरसमज हवेचा. "उन्हाळा आहे, हवा गरम होऊन फुगेल, थोडी कमीच भर." तर्क वरवर बरोबर वाटतो. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं तर मोटारीच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो हे खरंच आहे, पण गाडी बनवणाऱ्याने ते धरूनच आकडा दिलेला असतो. खरी उष्णता येते कुठून? टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, वर गेला की परत गोल. ताशी १०० किलोमीटरला आताच्या त्या मापाचं चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. लोखंडी तार सारखी इकडेतिकडे वाकवलीत तर वाकते तिथे चटका बसतो ना, तसंच. हवा कमी असली की बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि आतले थर सुटायला लागतात. म्हणजे ज्या भीतीने आपण हवा कमी केली, तेच संकट ओढवून घेतलं. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. हवा टायर थंड असताना बघावी, आणि प्रवासात गरम टायरमधली हवा काढू नये. नायट्रोजनबद्दल दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आकडा बरोबर असणं जास्त महत्त्वाचं.

आता चाक बदलणं. इथे आम्ही अनुभवाने बोलतो. खंबाटकी घाटाच्या अलीकडे आमचं पुढचं डावं चाक बसलं. आम्ही उत्साहाने जॅक लावला, गाडी उचलली आणि मग नट सोडायला गेलो. गाडी न्यूट्रलमध्ये! पाना फिरवला की चाकच फिरायचं, आणि गाडी जॅकवर डुलायला लागली. एक ट्रकचालक थांबले. "काका, खाली घ्या आधी. नट जमिनीवर ढिले करायचे, मग उचलायची." तर्कशास्त्र आम्ही बत्तीस वर्षं शिकवलं, पण क्रमाचं महत्त्व त्या दिवशी कळलं.

तर जागा सपाट आणि कडक हवी. सगळ्यांनी खाली उतरायचं, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरप्या समोरच्या चाकाला दगड. नट थोडे ढिले केल्यावर जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावायचा, भलतीकडे लावला तर पत्रा दबतो आणि गाडी घसरते. चाक जमिनीपासून सुटेल एवढंच उचलायचं. स्टेपनी गाडीखाली सरकवून ठेवावी, जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर बसेल. काढलेलं चाक मग तिच्या जागी. अंग मात्र गाडीखाली कधीही नाही. नट बसवताना निमुळती बाजू चाकाकडे, आणि शेजारशेजारचे नाही, समोरासमोरचे आवळायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं. शेवटचं आवळणं गाडी खाली घेतल्यावर. पान्यावर उड्या मारू नका. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जोडचाक बनवलं. आता ही स्टेपनीही जायला लागली आहे. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचं किट असेल तर २०२० पासून नियमाने ती ठेवली नाही तरी चालते. किटने नक्षीतलं भोक बुजतं, पण बाजू फाटली तर उपयोग नाही. गाडी घेताना विचारून ठेवा.

शेवटची चिठ्ठी : "एक्सप्रेस-वेवर टायर फुटला तर?" जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, वेग आपोआप उतरू द्या, मग डावीकडे या. धोक्याचे दिवे लावा, सगळे डाव्या दारांनी उतरा आणि रेलिंगच्या पलीकडे उभे राहा. लाल त्रिकोण लावायचा तर रेलिंगबाहेरून मागे चालत जाऊन. आणि चाक तिथे स्वतः बदलू नका, विशेषतः रस्त्याच्या बाजूचं. ११२ ला फोन करा आणि थांबा. उशीर होईल, होऊ द्या.