खाकरण्याची खोड

आपल्या मराठी घरांत खाकरण्याला पूर्वापार एक मान होता. सासरे किंवा थोरले दीर ओसरीवरून माजघराकडे निघाले, की उंबरठ्याच्या अलीकडे एकदा खाकरत आणि आतल्या सुना पदर सावरून घेत. न बोलता दिलेली ती वर्दी होती. शाळेतही व्हरांड्यातून मुख्याध्यापकांचे खाकरणे ऐकू आले की वर्गातला गलबला आपोआप शमतो. हा लाभ आम्हीही वर्षानुवर्षे घेत आलो आहोत.

परंतु आज आम्हांला ज्या खाकरण्याविषयी लिहावयाचे आहे, ते वर्दीचे नव्हे. सकाळी दात घासताना ते सुरू होते आणि पूजेत, जेवणात, दूरध्वनीवर बोलताना दर दोन-चार वाक्यांमागे चालूच राहते. घशात काहीतरी चिकटले आहे, ते वर येत नाही की खाली जात नाही, अशी त्या गृहस्थांची वा बाईंची नित्याची तक्रार असते. घरातली मंडळी प्रथम काळजी करतात, मग वैतागतात आणि अखेरीस ऐकेनाशी होतात.

वस्तुतः कफ हा काही आपला वैरी नव्हे. नाक व त्याभोवतालच्या पोकळ्या दिवसाकाठी सुमारे लिटरभर स्राव निर्माण करतात. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू त्यात अडकतात आणि आपल्या नकळत तो गिळला जातो. निरोगी माणसाला याची जाणीवही नसते. पाणी कमी पिणे, तोंडाने श्वास घेणे, कोरडी हवा यांमुळे तोच स्राव दाट झाला, किंवा घसाच हळवा झाला, म्हणजे कफ वाढल्याचा भास होतो.

त्यापुढची गोष्ट समजण्यासाठी स्वरयंत्रात डोकवावे लागेल. जिवंत माणसाचे बोलते स्वरतंतू स्वच्छ पाहून त्यांचे नीट वर्णन करण्याचे श्रेय मॅन्युएल गार्सिया यांना दिले जाते. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा लहानसा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याची तिरीप पाडली आणि स्वतःचेच स्वरतंतू न्याहाळले. हे गृहस्थ वैद्य नव्हते, गायनाचे शिक्षक होते. शिक्षकी पेशातल्या आम्हां मंडळींना याचा थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी क्षमा करावी. हे तंतू पुरुषांत जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे, स्त्रियांत त्याहूनही लहान. साधे बोलताना ते सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कंप पावतात. खाकरताना मात्र ते एकमेकांवर जोराने आपटतात व घासतात. दिवसातून शेकडो वेळा असे झाले की तेथे सूज येते. सुजलेल्या भागाला ओलावा मिळावा म्हणून शरीर आणखी स्राव पाठवते. तो स्राव आणि ती सूज या दोहोंनाही आपण कफच समजतो आणि पुन्हा खाकरतो. नायट्याला खाज सुटते म्हणून खाजवावे आणि खाजवल्याने ती वाढावी, तशातलाच हा प्रकार. इतके खाकरूनही हाती काही का लागत नाही, याचे उत्तर येथे आहे.

यातून सुटण्याचा मार्ग दुहेरी आहे: मूळ शोधावयाचे आणि खोड मोडावयाची.

मूळ पुष्कळदा नाकात असते. धुळीचे वावडे वा जुने पडसे असेल तर स्राव मागच्या मागे घशात उतरत राहतो. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याचा, म्हणजे जलनेतीचा, येथे चांगला उपयोग होतो. मात्र ते पाणी उकळून निववलेलेच हवे, नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. खडूची भुकटी खाणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी फळा ओल्या फडक्याने पुसावा.

दुसरे मूळ पोटात असते आणि ते सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आमच्या माळव्यातल्या वाचकांना इंदूरचा सराफा ठाऊक आहेच. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की तेथे खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. थंडीतला तळलेला गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडा आणि वर गरम जिलबी असा फराळ मध्यरात्री करून मंडळी घरी येतात आणि लगेच आडवी होतात. मग पोटातले आम्ल झोपेत वर सरकून थेट स्वरयंत्रापर्यंत पोहोचते. छातीत जळजळ नसली, करपट ढेकर नसले, तरीही हे घडू शकते. सराफा सोडा असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु नित्याचे रात्रीचे जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकावे आणि पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून तो सुमारे सहा इंच उंच करावा. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, त्याने पोट दुमडते. तंबाखू व विडी यांविषयी निराळे सांगावयास नको.

तिसरे मूळ औषधाच्या डबीत सापडते. आमच्या परिचयाच्या एका ज्येष्ठ शिक्षकांचे खाकरणे व कोरडी ढास इतकी प्रसिद्ध होती की विद्यार्थी स्नेहसंमेलनात त्यांची नक्कल करीत. काढे झाले, वाफारे झाले. शेवटी एका डॉक्टरांनी रक्तदाबावरची त्यांची गोळी विचारली. ती एनालॅप्रिल निघाली. या जातीच्या गोळ्यांनी, रॅमिप्रिलही त्यांतलीच, काहींना अशी ढास लागते. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि महिन्याभरात घसा शांत झाला. अशी गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

आता खोडीविषयी. खाकरावेसे वाटले की त्या क्षणी पाण्याचा एक घोट घ्यावा. पाणी नसेल तर हनुवटी किंचित खाली करून जोराने आवंढा गिळावा. तरीही राहवेना, तर आवाज न करता नुसता ‘ह’ असा श्वास सोडावा. पहिले आठ-दहा दिवस जीव कासावीस होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घशाचा हळवेपणा उतरू लागतो. घरातल्यांनी टोकण्याऐवजी पाण्याचे भांडे पुढे करावे. पुदिन्याच्या गोळ्या घटकाभर गार वाटतात, पण त्या आम्ल वर येण्यास वाट करून देतात. ज्येष्ठमध गुणकारी खरा, तथापि रोज फार खाल्ल्यास रक्तदाब वाढतो. दुधाने कफ वाढतो ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. लाळेत मिसळून ते घशाला दाट लागते, इतकेच.

एवढ्यावर विसंबून चालणार नाही अशाही अवस्था आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला येऊन राहिले ते क्षयामुळेच, आणि त्या आजारात काही वर्षे त्यांना गाणे सोडावे लागले. आज हा रोग वेळीच कळला तर औषधांनी बरा होतो. आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, गिळताना अडकत असेल, कफात रक्त असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा वजन उतरत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लगेच जावे. तंबाखू वा गुटखा खाणाऱ्यांनी तर एक दिवसही दवडू नये. नाकातून बारीक नळी घालून स्वरयंत्र पाहण्यास काही मिनिटेच लागतात. जाताना रोज घेत असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने, काढ्याच्या बाटल्यांसह, पिशवीत घालून न्यावीत.