गेम खेळत नाही, नुसती ऐकते! मोबाईलच्या खेळांतल्या संगीताची गोष्ट



मागच्या पावसाळ्यात तापीकाठच्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि अंतर्गत कर्जाचे अर्ज निघाले. एकीला शेळी घ्यायची होती, एकीला बियाण्याची उधारी फेडायची होती. तिसरी ताई जरा चाचरत म्हणाली, "माझ्या पोरीला की-बोर्ड घ्यायचाय. वाजवायचा. साडेचार हजार लागतील."

पोरगी नववीत. कशासाठी हवा, असं विचारल्यावर ताई आणखीच चाचरली. "ती मोबाईलच्या गेममधल्या धुना वाजवते."

बैठकीत हशा पिकला. "माय वं! आते गेमले बी कर्ज?" एक काकू म्हणाल्या, "शेळी दूध देते. हा बाजा काय देईल?"

ताई खाली मान घालून म्हणाली, "पोरगी गेम खेळत नाही हो. गेम लावते, त्यातल्या माणसाला जंगलात उभं करून ठेवते आणि नुसती ऐकत बसते. चार-पाचदा ऐकलं की शेजारच्या लेकराच्या खेळण्यातल्या बाजावर तसंच्या तसं वाजवते."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला आणि तोवर हे प्रकरण काय आहे ते समजून घ्यायचं ठरवलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी टीव्हीचा आवाज बंद करा

आज संध्याकाळी एक करून बघा. मालिका लागली की आवाज पूर्ण बंद करा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. सासू दारात उभी राहते, सून वळून बघते, एकच चेहरा तीन-तीनदा दिसतो. आवाज असला की छातीत धस्स होतं. आवाज नसला की हसू येतं! म्हणजे धस्स करणारी गोष्ट चेहऱ्यापेक्षा मागच्या वाद्यांत जास्त होती. यालाच पार्श्वसंगीत म्हणतात. गाणं आपण मुद्दाम ऐकतो. पार्श्वसंगीत ऐकतोय हे आपल्या ध्यानातही येत नाही, पण घाबरायचं कधी आणि डोळे पुसायचे कधी, हे तेच सांगतं.

सिनेमा मुका होता तेव्हासुद्धा पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसून वाजवायचे. पुढे बोलपट आले. पुण्याच्या प्रभात कंपनीने 1937 साली 'कुंकू' काढला. व्ही. शांतारामांचा सिनेमा, शांता आपटे नायिका. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, अशी ती गोष्ट. त्यात गाणी आहेत, पण एरवी मागे वाद्यं वाजवायची नाहीत, घरातले आणि रस्त्यावरचे खरे आवाजच ऐकवायचे, असं ठरवलेलं होतं. नीराचा कोंडमारा त्या शांततेमुळे जास्त टोचतो. म्हणजे कुठे वाजवायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे कोणीतरी विचार करून ठरवतं. तेच त्याचं काम असतं.

वरातीतला बँड आणि गेम

मग गेमच्या संगीतात वेगळं काय? सिनेमा ठरलेल्या वेळेचा असतो. नायक दार कितव्या सेकंदाला उघडणार हे संगीतकाराला आधीच माहीत असतं. तो चित्र बघतो, सेकंद मोजतो आणि त्या मापाने संगीत बसवतो. गेममध्ये दार कधी उघडायचं हे खेळणारा ठरवतो. एक पोरगा दोन मिनिटांत जंगल ओलांडून जातो. आमच्या ताईची लेक त्याच जंगलात अर्धा तास उभी राहते. दोघांनाही संगीत तुटल्यासारखं वाटता कामा नये. हे कसं जमवायचं?

बायांनो, उत्तर आपल्या लग्नात आहे. वरातीतला बँड आठवा. वरात चौकात अडली, पोरं नाचायला लागली की बँडवाला तीच ओळ फिरवून फिरवून वाजवतो. नाच रंगला की ताशा चढतो. घोडा पुढे निघाला की सूर बदलतो. आणि वरात मांडवाच्या दारात आली की सगळा बँड एकदम जोर करतो. बँडवाल्याची नजर वरातीवर असते.

गेममध्ये ही नजर मशीनची असते. संगीतकार धुनेचे लहान लहान तुकडे करून देतो. प्रत्येक तुकडा असा, की संपला तरी पुन्हा सुरुवातीला अलगद जोडला जावा. शिवाय तो थर करून देतो. बासरीचा एक थर, ढोलाचा दुसरा, व्हायोलिनच्या ताफ्याचा तिसरा. खेळणारा नुसता चालतोय तोवर एकटी बासरी. शत्रू जवळ आला की खाली ढोल मिसळतो. लढाई जुंपली की सगळा वाद्यमेळ. शत्रू पडला की ढोल हळूच निघून जातो आणि बासरी पुन्हा एकटी उरते. स्वयंपाकात पाणी उकळत असताना आपण वरून एकेक जिन्नस टाकतो, तसंच. फक्त टाकलेला जिन्नस इथे काढूनही घेता येतो.

चार सुरांपासून सुरुवात

1978 साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा गेम आला. त्यात वरून शत्रू खाली सरकत येतात आणि मागे फक्त चार जाडे सूर वाजत राहतात, धप, धप, धप, धप. शत्रू जवळ येतात तसे ते सूर भरभर वाजायला लागतात. खेळणाऱ्याचं काळीजही तसंच धडधडतं. 1985 साली 'सुपर मारिओ' आला. कोजी कोंडो यांनी केलेली त्याची धून जगभरात पोरांच्या तोंडी बसली. खेळात वेळ संपत आली की तीच धून घाईने वाजते. कोणी "चल, लवकर" असं म्हणत नाही, पण बोटं आपोआप पळायला लागतात.

तेव्हाच्या मशीनमध्ये जागा इतकी थोडी, की पिपाणीसारखे मोजकेच आवाज मावायचे. पुढे सीडी आल्या, जागा वाढली, आणि खऱ्या वादकांना बसवून ध्वनिमुद्रण करता येऊ लागलं. आज मोठ्या गेमसाठी सिनेमासारखाच वादकांचा मोठा ताफा बसतो, गायकवृंदही गातो. टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला, 23 जुलै 2021 रोजी, देशोदेशीचे खेळाडू मैदानात चालत आले ते गेमच्या धुनांवर.

पोरांना ते का आवडतं?

आम्ही सात-आठ पोरापोरींना विचारलं. त्यांच्या बोलण्यातून तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, "ते माझ्यासाठी वाजतं." सिनेमातलं संगीत नायकाच्या पराक्रमावर वाजतं. गेममध्ये पराक्रम पोराच्या बोटांनी केलेला असतो. सगळा वाद्यमेळ त्याच्या चालीवर हलतो. आपल्या ओव्याही अशाच होत्या ना? दळण जेवढं, ओवी तेवढी. हात थांबला की गाणं थांबलं. हाताच्या कामाला जोडलेलं गाणं खोल जाऊन बसतं.

दुसरी, त्यात बहुतेक वेळा शब्द नसतात. शब्द नसले की ऐकणारा आपलं मन त्यात ओतू शकतो. एक पोरगा म्हणाला, "आजी गेली तेव्हा मी तीच धून लावून बसायचो." त्याच्या आईला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिसरी, पुन्हा पुन्हा कानावर पडणं. सिनेमा आपण एकदा-दोनदा बघतो. गेमची धून शंभर वेळा ऐकली जाते. मग ती वर्षांनंतर कानावर आली, तरी ते दिवस, ते मित्र, तो ओटा, सगळं आठवतं.

पुण्यातली राजी

हे सगळं जपान-अमेरिकेतच चालतं असं समजू नका. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या कंपनीने 2020 साली 'राजी' नावाचा गेम आणला. त्याची नायिका मुलगी आहे. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि राजी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. कंपनीच्या संस्थापकांमध्ये श्रुती घोष या बाई आहेत, आणि त्याची चित्रं-महाल कसे दिसावेत हे काम त्यांनी सांभाळलं. संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. त्यात आपल्याकडच्या वाद्यांचे सूरही आहेत.

आमच्या मनात आलं, ग्रीसचा माणूस आपले सूर शोधत येतो. आणि आपल्या साक्रीच्या डोंगरात डोंगऱ्या देवाला पावरी वाजते, कानबाईला रात्रभर गाणी होतात, ते सूर आपल्या पोरांच्या कानावर किती पडतात?

"पोरीने हेच करायचं का?"

आता मूळ प्रश्न. गेमचं संगीत हे काम आहे की नुसता नाद?

योको शिमोमुरा नावाच्या जपानी बाईंची गोष्ट ऐका. त्या पियानो शिकल्या होत्या. 1988 साली त्यांनी गेमच्या कंपनीत नोकरी धरली, तेव्हा घरचे आणि शिकवणारे, दोघेही नाराज झाले. गेमच्या संगीताला तेव्हा मान नव्हता. तीनच वर्षांनी 'स्ट्रीट फायटर 2' आला, त्याचं बहुतेक संगीत त्यांचं. आज त्या या क्षेत्रातलं जगभर मोठं नाव आहेत. संगीतातला मानाचा ग्रॅमी पुरस्कार गेमच्या संगीतासाठी स्वतंत्रपणे पहिल्यांदा 2023 साली दिला गेला. तोही एका बाईलाच मिळाला, स्टेफनी इकोनोमू यांना.

म्हणून ताईची लेक उद्या मोठी संगीतकार होईल, असं आम्ही म्हणत नाही. जी पोरगी ऐकून वाजवते तिला कान आहे, एवढंच म्हणतो.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. हेच संगीत पोराला उठू देत नाही. तुकडा संपतच नाही, पुन्हा पहिल्यावर येतो, त्यामुळे "आता पुरे" म्हणायची जागा सापडत नाही. बक्षिसाची छनछन आणखी एक डाव खेळायला लावते. त्यावर उपाय असा, की "एवढी लढाई झाली की बंद" असं आधीच ठरवून घ्या, मध्येच मोबाईल हिसकावू नका. धून आवडत असेल तर ती गेमशिवाय वेगळी ऐकता येते, तशी ऐकू द्या. आणि कानात हेडफोन असताना हातभर अंतरावरून मारलेली हाक ऐकू गेली नाही, तर आवाज जास्त आहे असं समजा, आणि कमी करायला लावा. कानाचं एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही.

मग अर्जाचं काय झालं?

पुढच्या बैठकीला पोरीलाच बोलावलं. तिने आधी मोबाईलवर ते जंगल लावलं, आवाज वाढवला आणि म्हणाली, "डोळे मिटा आणि शत्रू कधी आला ते सांगा." चौदा बायका डोळे मिटून बसल्या. ढोल मिसळला तशा तिघी-चौघी एकदम म्हणाल्या, "उना, उना!" शेळीवाल्या काकूंचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. मग पोरीने तीच धून त्या खेळण्यातल्या बाजावर वाजवली.

कर्ज मंजूर झालं, दहा हप्त्यांत फेडायचं. दोघींचा विरोध होता आणि अजून आहे. तो इतिवृत्तात तसाच लिहिला आहे, कारण गटाचा पैसा सगळ्यांचा आहे आणि शंका विचारणाऱ्या बाईचाही आहे. काकूंनी एक अट घातली. श्रावणात कानबाई बसली की पोरीने म्हाताऱ्या बायांजवळ बसून त्यांची गाणी शिकायची. पोरगी म्हणाली, "रेकॉर्डबी करी लिसू."

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम. तुमच्या लेकराला सांगा, "तुझ्या गेमची आवडती धून मला ऐकव." डोळे मिटून पाच मिनिटं ऐका, आणि त्याला विचारा, "इथे काय होतं रे?" तो काय सांगतो ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.

पुन्हा भेटू. राम राम!