मोबाईल अडकतो : भार कोणता, रोग कोणता?

ऊस उत्पादक सभासद बंधू-भगिनींनो,

उसाचे बिल बँक खात्यात जमा होते आणि त्या खात्याची किल्ली आता खिशातल्या मोबाईलमध्ये असते. म्हणून बेणे, खत, पाणी यांबरोबर मोबाईलच्या निगेविषयीही चार गोष्टी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सातबारा, हवामान, बाजारभाव पाहण्यासाठी आपण इंटरनेटची पाने उघडतो. ही पाने दाखविणाऱ्या ॲपला ब्राउझर म्हणतात. बहुतेक मोबाईलमध्ये ते क्रोम असते. ते मधूनच अडकते, बोट फिरवले तरी पान हलत नाही. अशा वेळी काही जण 'व्हायरस शिरला' म्हणून घाबरतात, तर काही जण खरा रोग असूनही 'होईल आपोआप बरं' म्हणून बसून राहतात. ऊस पिवळा दिसला की लोहाची कमतरता आहे की गवताळ वाढ, हे आपण आधी पाहतो आणि मगच उपाय करतो. इथेही तसेच करावे.

भाराने अडकणे

बहुतेक वेळा कारण साधे असते. उघडलेली पाने बंद न करता साठत जातात, फोटो व व्हिडिओंनी मोबाईल गच्च भरतो किंवा ब्राउझर जुना झालेला असतो. त्यासाठी क्रमाने असे करावे :

१. नको असलेली पाने म्हणजे टॅब बंद करावेत.
२. तरीही हलत नसेल तर सेटिंगमधील ॲपच्या यादीत क्रोम शोधून 'फोर्स स्टॉप' दाबावे. मोबाईल एकदा बंद करून चालू करावा.
३. तिथेच 'स्टोरेज'मध्ये 'क्लिअर कॅशे' करावे. त्याने पासवर्ड जात नाहीत. शेजारचे 'क्लिअर डेटा' मात्र विचार केल्याशिवाय दाबू नये.
४. प्ले स्टोअरमधून ब्राउझर अपडेट करावा व मोबाईलमध्ये थोडी जागा मोकळी ठेवावी.

पडद्यावरची खोटी दवंडी

कधी पडद्यावर लाल अक्षरांत येते, 'तुमच्या मोबाईलमध्ये १३ व्हायरस सापडले, ताबडतोब इथे दाबा.' ही थाप आहे. ब्राउझर प्रत्येक पानाला कुंपणात ठेवतो. आपला मोबाईल तपासून व्हायरस मोजणे कोणत्याही पानाला शक्य नसते. त्याने दिलेले औषध हाच खरा रोग असतो. काहीही न दाबता ब्राउझर बंद करावा. अशा सूचना पुन:पुन्हा येत असतील तर आपण मागे कुठल्या तरी पानावर 'अलाऊ' दाबलेले असते. क्रोमच्या साईट सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून त्या पानाची परवानगी काढावी.

घरी किंवा दूध संस्थेत संगणकाचा पडदा असा अडकला तर दिलेल्या नंबरावर फोन करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणण्यास नकार द्यावा.

खरा रोग येतो कसा?

तो बहुधा आपल्याच हाताने येतो. व्हॉट्सॲपवर पीएम किसान, बँक केवायसी, वाहनाचे चलन किंवा लग्नपत्रिका या नावाने फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे अख्खे ॲप. ते बसवले की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, म्हणजे ओटीपी चोराकडे गेला. मग 'ॲक्सेसिबिलिटी' मागते. ती दिली की आपला पडदा त्याला दिसतो आणि बटणेही तो दाबू शकतो. फाईल ओळखीच्या नंबरावरून आली, एवढ्यावर विसंबू नये. त्याचाच मोबाईल आधी बाधित झालेला असू शकतो. पाहुण्याने दिले म्हणून काणीचे बेणे निरोगी होत नाही!

ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. तिथल्या 'प्ले प्रोटेक्ट'मध्ये अधूनमधून स्कॅन करावे. सरकारी पानाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो का, ते पाहावे. ऊसबिलासाठी कोणी ओटीपी मागितला तर तो आपला माणूस नव्हे, हे पक्के समजावे.

रोग झालाच तर

ब्राउझर बंद असूनही जाहिराती येणे, मोबाईल उगाच तापणे, आपल्या नंबरावरून लोकांना न पाठवलेल्या फायली जाणे ही लक्षणे आहेत. अशा वेळी आधी इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवावे. मग ते ॲप काढावे. निघत नसेल तर मोबाईल 'सेफ मोड'मध्ये चालू करून काढावे. पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलावेत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची, जे २०१७ साली सुरू झाले, तपासणीची साधने मोफत मिळतात.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी खबर पोचली तर ती रोखता येण्याची शक्यता असते. पाट फुटला तर सकाळची वाट कोणी पाहत नाही.

वर्षभराच्या घामाचा पैसा एका बोटाच्या दाबाने जाऊ नये, यासाठी घरातील मुलाबाळांना व वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी