वालाच्या दाण्यापासून आईच्या दुधापर्यंत

डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळून अनेक वर्षे लोटली, तरी तेथील जुनी माणसे आजही पहिल्याच नावाने पत्ता सांगतात. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच कार्यालये आली. पण कोकणातून आलेल्या घरांतील एक रीत अद्याप टिकून आहे. रात्री वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि मगच बिरडे शिजवायचे. एवढी उस्तवार कशासाठी, असा प्रश्न आपल्यालाही कधीतरी पडला असेल. त्याचे उत्तर मुंबईतल्याच एका विदुषीच्या संशोधनात सापडते.

डॉ. कमला सोहोनी या लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून आधी नकार दिला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अटींसह प्रवेश मिळवून त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या कडधान्यांची कसून तपासणी केली. गरिबाच्या ताटातले अन्न त्याच्या अंगी लागते का, हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता.

प्रथिनेही कामाची असतात

प्रथिन म्हणजे केवळ शरीराची बांधणी करणारी वीट नव्हे. काही प्रथिने स्वतः कार्य करतात. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे पाचक विकर स्रवते व ते अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या कडधान्यात मात्र या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवणारी प्रथिने असतात. किडीपासून बीजाचे रक्षण व्हावे, ही निसर्गाची योजना. आपल्या पचनाला ती अडचणीची ठरते. काही कडधान्यांत रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी प्रथिनेही आढळतात. भिजवल्याने व मोड आणल्याने यांचा जोर काहीसा उतरतो. खरा नाश होतो तो पाण्यात नीट शिजवल्याने. आजीची उस्तवार व्यर्थ नव्हती.

बाळ सहा महिन्यांचे झाले, की आईच्या दुधाच्या जोडीने वरचे अन्न सुरू होते. तेव्हा हे ज्ञान हाताशी हवे. डाळ बोटाने चिरडेल इतकी मऊ शिजवावी. अनेक घरांत बाळाला वरणावरचे पाणीच पाजतात; पण सत्त्व तळाच्या डाळीत राहते. म्हणून घोटलेली घट्ट डाळ मऊ भातात किंवा खिमटात कालवून, वर थोडे तूप घालून भरवावी.

जेथे उकळणे टाळावे

आता याच्या उलट गोष्ट. आईच्या दुधातही कार्य करणारी प्रथिने असतात, परंतु ती बाळाच्या बाजूने लढतात. लॅक्टोफेरिन लोहाला बांधून ठेवते, त्यामुळे घातक जंतूंना ते मिळत नाही. प्रतिद्रव्ये आतड्याच्या आतील बाजूला जंतू चिकटू देत नाहीत. प्रसूतीनंतरच्या पहिल्या पिवळसर चिकात ही प्रतिद्रव्ये विपुल असतात; तो चीक कधीही फेकू नये. पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे.

सून वा लेक कामावर जाताना काढून ठेवलेले दूध आपल्या हवाली करते. गाई-म्हशीचे दूध तापवण्याची आयुष्यभराची सवय असल्याने आपला हात शेगडीकडे वळतो. वाचकहो, तेवढा आवरावा. उकळल्याने ही रक्षक प्रथिने निकामी होतात.

घरात एवढे पाळावे

• आईचे काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात घालून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. ४ दिवसांच्या आत वापरावे.

• पाजण्यापूर्वी ते भांडे कोमट पाण्यात ठेवावे. वाटी-चमच्याने पाजावे. उष्टे उरलेले पुन्हा साठवू नये.

• राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे. नव्या पाण्यात निदान १० मिनिटे खळखळून उकळी येऊ द्यावी व पुढे पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात.

• ज्येष्ठांनीही उसळ दाताखाली कचकच करणारी खाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

नातवंड सांभाळणाऱ्या हातांवर दिवसभराचा भार असतो, हे आम्ही जाणतो. त्या हातांना वाल कसे शिजवावेत हे कोणी शिकवायला नको. आईच्या दुधाचे तेवढे ध्यानात ठेवावे.