घटसर्प : गोठ्यातला आणि घरातला

'घटसर्प' हा शब्द कानी पडताच आई आपल्या मुलाच्या घशाकडे पाहते आणि शेतकरी आपल्या म्हशीच्या गळ्याकडे. नवल असे की, तंजावरकडील तमिळ भाषेतही हेच घडले आहे. 'तोंडै अडैप्पान', म्हणजे घसा बुजविणारा, हे एकच नाव तेथे मुलांच्या आणि गुरांच्या आजाराला दिले जाते.

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात माणसांप्रमाणेच जनावरांसाठीही औषधे तयार होत आणि रुग्णांची टिपणे ठेवली जात. परंतु रोगजंतूंचे ज्ञान त्या काळी कोणासच नव्हते. जे लक्षण डोळ्यांस दिसे, त्यावरून रोगास नाव पडे.

आज आपण जाणतो की, नाव एक असले तरी जंतू निराळे आहेत. मुलांचा घटसर्प डिप्थेरियाच्या जंतूंमुळे होतो. गुरांचा पाश्चुरेला नावाच्या जंतूंमुळे. पावसाळी दिवसांत म्हशीला एकाएकी ताप भरतो, लाळ गळते, गळ्याखाली सूज येते, श्वास घरघरू लागतो. पुष्कळदा एका दिवसातच ती दगावते.

या पाश्चुरेलाच्या कुळातील हिमोफिलस हा जंतू मात्र माणसांत आढळतो. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी तो इन्फ्लुएन्झाचे कारण मानला. १९३३ मध्ये त्या तापाचा खरा विषाणू सापडला, तरी हिमोफिलसला चिकटलेले 'इन्फ्लुएन्झी' हे नाव कायम राहिले. त्याच्या 'बी' प्रकारामुळे विशेषतः पाच वर्षांखालील मुलांना मेंदूज्वर व न्यूमोनिया होतो. कधी श्वासनलिकेवरील झाकण सुजून घसाच बंद होतो. मेंदूज्वरातून मूल वाचले तरी बहिरेपण मागे राहू शकते. हा जंतू गोठ्यातून येत नाही. निरोगी दिसणाऱ्या माणसाच्याही नाकाघशात तो असतो आणि खोकल्या-शिंकेतून पसरतो. म्हणून गुरे दूर बांधल्याने बाळाचे रक्षण होत नाही.

रक्षण होते ते लसीने. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' प्रकारची कावीळ आणि हिमोफिलस 'बी' या पाचांवरील एकत्रित लस सरकारी कार्यक्रमात प्रथम तमिळनाडू व केरळात डिसेंबर २०११ मध्ये आली. पुढे ती देशभर मिळू लागली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती बाळास टोचावयाची असते. गुरांची लस वेगळी. ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी.

मुलाला जोराचा ताप असून गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, पुढे वाकून ते श्वास घेत असेल, तर चमचा घालून घसा पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे.

गोठ्यातील लसीचा दिवस आपण पावसाच्या हिशेबाने ध्यानात ठेवतो. बाळाच्या लसीचा दिवस त्याच्या जन्मतिथीपासून मोजावा, आणि तो चुकू देऊ नये.